बंबाच्या पाइपाची जाळी

नांदुऱ्यातल्या आमच्या घरी न्हाणीत तांब्याचा बंब आहे. मधल्या नळीत कपाशीच्या पऱ्हाट्यांचे तुकडे जाळायचे, भोवतीचे पाणी तापते. नळीवर पत्र्याची टोपी, टोपीला चार इंची पाइप, आणि पाइपाचे तोंड भिंतीतून बाहेर, आमच्या आणि शेजाऱ्यांच्या घरांमधल्या सांदीत. साळुंक्या त्यात घरटे करतात म्हणून मी तोंडाला बारीक जाळी बसवली होती. पऱ्हाटी ओलसर असली की काजळी डांबरासारखी चिकटते, आणि सगळ्यात आधी जाळीवर धरते. महिन्यातून एकदा जाळी काढून ठोकायची, असा माझा नेम होता.

उन्हाळ्यात शेजाऱ्यांनी घर वाढवले आणि सांदी अरुंद झाली. तेव्हापासून मी आत गेलो नव्हतो. थंडी पडली तशी माय न्हाणीतून निघताना दाराची चौकट धरून उभी राहू लागली. डोके गरगरते म्हणाली. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, तो ठीक निघाला. मग एक दिवस मी स्वतः दार लावून बंबापाशी बसलो. थोड्याच वेळात माझेही डोके जड झाले. धूर बाहेर जात नव्हता, आत साठत होता.

सांदी मोजली. तोंडाशी साडेचौदा इंच, पाइपाच्या अलीकडे शेजाऱ्यांचा कॉलम येतो तिथे बारा. भिंतीला पाठ टेकून छातीसमोर फळी धरली आणि माझी जाडी मोजली. दहा इंच भरली. दोन इंच मोकळे राहत होते. मी अडतीत हिशेब लिहितो, आकडा दोनदा तपासल्याशिवाय पुढे जात नाही. हाही तपासला.

बायको वडनेर भोलजीला माहेरी गेली होती. पाइप साफ होईपर्यंत बंब पेटवायचा नाही, असे मायला बजावून मी सळई घेऊन आडवा सांदीत शिरलो. कॉलमपाशी अडकलो. जाडी मोजली तेव्हा अंगात बनियन होते, आता स्वेटर होता. शेजाऱ्यांचे प्लास्टर खरखरीत, त्यात लोकर धरली. पुढचा हात लांबवला तर सळईचे टोक जाळीपासून चार बोटे अलीकडे राहत होते. मागे सरकलो तर स्वेटर छातीवर गोळा होऊन आणखी घट्ट बसत होता. मागचा हात मांडीशी दाबला गेला होता. मोबाइल त्याच खिशात, पण बोटे आत वळेनात. मान फिरवायलाही जागा नव्हती.

तेवढ्यात भिंतीपलीकडे बादलीचा आवाज आला. मग कडी लागली. मग पऱ्हाट्या मोडल्याचा कडकड आवाज.

पाइपाच्या तोंडातून धूर आला नाही. मला फक्त वास आला. मी पायाने भिंतीवर लाथा मारल्या, ओरडलो.

"झालं ना साफ? लय वेळ झाला म्हणून पेटवला." आतून माय म्हणाली.

"माय, बंब विझव अन् भाईर नीघ."

"आता कुठं पेटला हाय. तू कुठून बोलून राह्यला बे?"

"सांदीतून. दार उघड पहिले."

"पाणी तापेतोवर अंगाले साबण लावला मी. अशीच येऊ काय आंगणात?"

लुगडे गुंडाळ, पण नीघ, असे मी सांगत राहिलो. ती खोकत खोकत माझ्यावर चिडली. आयुष्यभर त्याच बंबाचे पाणी घेतले, आता मुलगा भिंतीतून हुकूम सोडतो, असे काहीतरी म्हणाली. मग खोकला थांबला. बादलीतल्या तांब्याचाही आवाज थांबला. मी हाक मारली, उत्तर आले नाही.

मागे जाण्याचा विचार मी सोडला. फुप्फुसातली सगळी हवा सोडून पुढे रेटलो. काखेत स्वेटर उसवला, खांद्याची कातडी सोलली, आणि मी आणखी चारेक इंच आत जाऊन कॉलम आणि भिंतीमध्ये पाचरीसारखा बसलो. सळई जाळीला लागली. पहिल्या घावाला नुसती वाकली. तिसऱ्या की चौथ्या घावाला जाळी फाटली, काजळीचे ढेकूळ तोंडावर आले आणि मागून धूर, सगळा माझ्या डोळ्यांत. तोंड वळवता येत नव्हते. तरी तो जितका दाट येत होता, तितके मला बरे वाटत होते, कारण तेवढा आत राहत नव्हता.

"माय!"

मी किती वेळ तिथे होतो, हे एरवी मी सांगितले असते, पण सांगता येत नाही. मग कडी वाजली. दार भिंतीवर आपटले.

शेजारी कापडाचे व्यापारी आहेत, सगळे त्यांना भाई म्हणतात. माय ओल्या लुगड्याने, केसांत साबण, त्यांच्या दारात जाऊन उभी राहिली. त्यांच्या घरातल्या भाभींनी तिला चादर पांघरली आणि ओसरीवर बसवले. हे मला नंतर कळले. मला फक्त सांदीच्या तोंडाशी भाईंचा आवाज आला. त्यांनी आत वाकून पाहिले.

"मुनीमजी, भिंत नवी हाय हो आमची. संगं घेऊन जाता का?"

मग हसणे थांबवून त्यांनी मला सांगितले, ओढाओढ करू नका, गुडघे बाजूला वाकवून खाली बसा, स्वेटर राहू द्या जिथे आहे तिथे. मी खाली घसरलो. स्वेटर प्लास्टरला धरून वरच राहिला आणि मी त्यातून निघालो. शेवटचे अंतर त्यांनी पायाला धरून ओढले.

माय ओसरीवर चहा पीत होती. मला पाहून म्हणाली, "हाक ऐकू येत होती रे. तोंडातून शब्दच निघत नव्हता."

पाइप आता सांदीत निघत नाही. भिंतीकडे जाणारे वाकण काढून सरळ छतावर नेला, वर टोपी बसवली, आणि साळुंकी जाणार नाही पण काजळी अडणार नाही अशी मोठ्या भोकांची जाळी लावली. महिन्याला छतावर चढून ती ठोकतो. न्हाणीच्या दाराची आतली कडी मी काढून टाकली. मायला ते मंजूर नव्हते. उघड्या दाराने न्हायचे असेल तर कोणी येऊ नये म्हणून तूच बाहेर बस, ही तिची अट.

म्हणून रोज सकाळी मी अंगणात न्हाणीकडे पाठ करून बसतो. तिचे आटोपेपर्यंत उठता येत नाही. अडतीत जायला उशीर होतो.

"हायेस का?" ती आतून विचारते.

"हाव."

मी हाव म्हटले की तांब्याचा आवाज पुन्हा सुरू होतो. नाही झाला, तर मी विचारतो.