नानांनी राखलेली ओळख

वडिलांना सगळं गाव नाना म्हणायचं, म्हणून मीही नानाच म्हणायचे. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याकडे खेचरांच्या तुकडीत होते. गेले तेव्हा मी पाळण्यात होते, आले तेव्हा चांगली पळत होते. पांझरेकाठच्या आमच्या घराच्या दारात खाकी कपड्यांतला, लंगडणारा माणूस पाहून मी मायच्या लुगड्यात तोंड लपवलं. त्यांनी हात पुढे केला, तशी किंचाळत मागच्या दाराने शेजारी पळाले. माय सांगायची, त्यांनी मला कधीच ओढून जवळ घेतलं नाही. जेवताना ताटाच्या कडेला गुळाचा खडा ठेवायचे आणि दुसरीकडे बघत बसायचे. तो मी कधी उचलू लागले, मला आठवत नाही.

लढाईबद्दल ते फारसं बोलत नसत. कोणी विचारलंच तर तिथलं ऊन, खजूर, खेचरांचे हट्ट एवढं सांगून उठत.

मी परकर-पोलक्यात असतानाच माय तापाने गेली. नातेवाइकांनी दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, तेव्हा नाना म्हणाले, या पोरीने एकदा परका माणूस घरात सोसला, तेवढं पुरे. पलटणीत शिकलेल्या हातांनी ते ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापू लागले. गल्लीतल्या बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. पुढे त्यांच्यातलीच एक रोज येऊन माझी वेणी घालू लागली.

माझं लग्न भुसावळच्या रेल्वेतल्या फिटरशी झालं. दुसरं महायुद्ध पेटलं, लष्कराला रेल्वेची माणसं हवी झाली आणि नवऱ्याने नाव दिलं. आमची मुलगी तेव्हा रांगत होती. नाना अडवतील या आशेने मी त्यांना बोलावून घेतलं. जेवणं झाल्यावर ते बराच वेळ सुपारी कातरत राहिले. मग म्हणाले, "पाव्हना, तुम्ही जा, मी ना म्हनस नही. पन तुम्हनी पोर तुम्हले इसरी जाई, हाई ध्यानमा ठेवा."

 तरी नवरा गेलाच.

नानांनी शेत बटाईने दिलं आणि आमच्याकडे राहायला आले. रोज संध्याकाळी नातीला मांडीवर घेऊन तिला तिच्या बापाचं सांगत बसायचे. तो कसा चालतो, भाकरीचा पापुद्रा आधी कसा खातो, हसताना त्याचे डोळे कसे मिटतात. एवढ्याशा पोरीला काय कळणार, असं मला वाटायचं.

नवरा परतला तेव्हा फार वाळला होता. मुलगी नानांच्या धोतराआड उभी राहून त्याला निरखत होती. नानांनी तिला पुढे ढकललं नाही. शेवटी तीच म्हणाली, "हस ना."

त्याला काही समजेना. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग तो हसला आणि हसता हसताच रडू लागला. तरी मुलगी त्याच्याजवळ गेली.

पेरणी जवळ आली होती. मी कितीही थांबवलं तरी नाना आठवड्याभरात गावी परतले. त्यानंतर जावई सुट्टी मिळाली की त्यांच्याकडे जायचा. दोघं ओट्यावर बसायचे. त्यांनी एकमेकांना काय सांगितलं, मी कधी विचारलं नाही. स्वातंत्र्य आलं त्याच वर्षी, थंडीत नाना गेले. त्यांना मुलगा नव्हता. अग्नी जावयाने दिला.