पंगतीत न जेवणारा माणूस

आवडता सिनेमा कोणता, असं कुणी विचारलं की माझी पंचाईत होते. सांगलीत आमच्या कचेरीत दुपारी डबे उघडले की हा विषय हटकून निघतो आणि बाकीचे पटापट नावं सांगतात. मला सरळ सिनेमे आवडतच नाहीत. भलतंच काहीतरी चाललंय आणि ते करणाऱ्यालाही कळलेलं नाही, असे आवडतात. तेही मी धड बसून बघत नाही. नायक-नायिका सोडून कडेची माणसं बघतो, सिनेमा मागे नेतो, उठतो, पाणी पितो, परत बसतो. बायको म्हणते, तुमच्याबरोबर सिनेमा बघणं ही शिक्षा आहे.

ही खोड माझ्या गावची, वाईची. आम्ही घाटावरची शूटिंगं बघत वाढलो. पडद्यावर नायिका वाईच्या घाटाच्या पायऱ्या उतरते, लगेच शेजारच्या मेणवली गावच्या घाटावर चढते आणि गाव म्हणे उत्तरेतलं कुठलंसं. बाकीचे लोक डोळे पुसत असतात, तेव्हा आम्ही गर्दीत आपला दूधवाला शोधत असतो.

माझे अब्बा शिंपी होते. मी दहावीत असताना, ऐन रमजानमध्ये, शूटिंगवाल्यांनी त्यांना अंगरखे उसवून सैल करायला बोलावलं. माणसं कमी पडली तेव्हा गर्दीतही उभं केलं, ते चांगलं चार दिवस. त्या सिनेमात दोन गावांचं हाडवैर आहे आणि अब्बा दोन्ही गावांत आहेत. हातात काठी घेऊन ज्याच्या अंगावर धावून जातात, त्याच्याच तिरडीमागून रडत चालतात. मधेच घाटावर भटजी होतात. त्यांचं धोतर काही केल्या टिकेना, म्हणून घाटावरच्या खऱ्या गुरुजींनी येऊन नेसवून दिलं होतं. हे सगळं दिग्दर्शकाच्या लक्षातच आलं नाही. असला सिनेमा जगात दुसरा नसेल, आणि माझा तोच आवडता आहे.

त्यात एक पंगत आहे. तिथं भांडण सुरू होतं, सिनेमातलंही आणि आमच्या घरातलंही.

तेव्हा घरी ईदच्या कपड्यांचा ढीग पडलेला आणि अम्मा एकटी काज-बटणं करत बसलेली. कुणीतरी येऊन सांगितलं, तुमचा माणूस पंगतीला बसलाय, पानात लाडू आहे. अब्बांचा रोजा होता. संध्याकाळी ते घरी आले आणि म्हणाले, मी नुसता भात कालवत होतो. शूटिंगचा साहेब ओरडला तेव्हा घास तोंडापर्यंत नेला आणि तसाच पानात ठेवला. अम्माला पटलं नाही. पंगतीत बसून कुणी उपाशी उठतं का, असं तिचं म्हणणं. त्या सिनेमाचं तोंड बघणार नाही, हेही तिनं तेव्हाच सांगून टाकलं.

सिनेमा साताऱ्याला लागला आणि आठवडाभरात गेला. मी मित्रांबरोबर जाऊन बघितला, घरी येऊन सांगितलं की अब्बा खात नाहीत. अम्मा म्हणाली, तू बापाचीच बाजू घेणार. पुढं दर रमजानला रोजा सोडताना ती अब्बांना त्या पंगतीवरून टोमणा मारायची. आधी ते हसायचे. मग कधीतरी हसणं बंद झालं. एकदा मशीनवरून मान न उचलता म्हणाले, "येकदा बग तरी." पण तोवर सिनेमा कुठंच राहिला नव्हता.

अब्बांना जाऊन चार वर्षं झाली. फोनवर कुणी त्यांचं चित्रण करायला लागलं की ते उठून जायचे, त्यामुळे फोटो आहेत, पण हलणारे, चालणारे अब्बा म्हणून आमच्याकडं काही नाही.

गेल्या महिन्यात, कचेरीत डबा उघडताना, तो सिनेमा मला फोनवर सापडला. शोधत होतोच, रोज शोधत होतो. सापडल्यावर मात्र डबा तसाच राहिला. इकडून तिकडून दहा मिनिटं बघितली. रुंद पडद्याचा सिनेमा जुन्या टीव्हीच्या चौकटीत बसवलेला होता, दोन्ही बाजू छाटून. घाटावरचे अब्बा गायब. काठीवाले अब्बा गायब, नुसती काठी. पंगत मी बघितलीच नाही. धीर झाला नाही. तीस वर्षांपूर्वी मी खरंच काय बघितलं होतं, की बघावंसं वाटलं तेच बघितलं, हे मला सांगता येईना. शनिवारी वाईला अम्माकडं जायला एसटीत बसलो. कऱ्हाडपर्यंत चार वेळा फोन काढला आणि चार वेळा खिशात घातला. अम्माला दाखवायचं आणि तिचंच खरं निघायचं, या भीतीनं साताऱ्याच्या स्टँडवर उतरून परत जायचा विचारही केला.

दुपारच्या नमाजनंतर अम्मा चष्मा लावून बसली. नको म्हणाली नाही, याचंच मला नवल वाटलं. मी सरळ पंगत लावली.

चौकटीच्या कडेला एक पान होतं. त्यावर भात कालवणारा हात. माणूस छाटलेला. अंगठ्याचं नख दुभंगलेलं होतं, मशीनची सुई घुसून गेली होती तेव्हापासूनचं. अम्मानं फोन माझ्या हातातून घेतला. हात कालवतोय, कालवतोय. मग त्यानं घास उचलला आणि तो वर, कडेच्या बाहेर गेला.

 अम्मानं फोन डोळ्यांजवळ नेला.

हात खाली आला. घास तसाच होता, अख्खा. तो पानात ठेवला आणि हात पुन्हा भात कालवू लागला.

तिनं ते मला तीनदा मागं न्यायला लावलं. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर म्हणाली, "खरं सांगत हुते की रं."  मला वाईट वाटलं आणि रागही आला, कुणाचा ते मात्र कळेना.

मग तिनं विचारलं, त्यांचं तोंड कुठंय. मी समजावून सांगितलं, पडदा रुंद होता, दोन्ही बाजू कापल्यात, अब्बा त्या कापलेल्या भागात बसलेत.

"म्हंजे हितं बाजूलाच हायत न्हवं," ती म्हणाली, आणि मान वाकडी करून फोनच्या कडेच्या पलीकडं बघू लागली.