फास्टिंगची खिचडी

"साखर वाढलेली नाही, संपत आलीये. आणखी उशीर केला असता तर आजी हाती लागल्या नसत्या."

बारामतीच्या दवाखान्यात, तातडीच्या विभागातल्या खाटेशेजारी उभ्या उभ्या डॉक्टर मॅडमनी हे सांगितलं, आणि खरं सांगते, भीती वाटायच्या आधी मला राग आला. साखर वाढली, साखर वाढली म्हणून वर्षभर अख्खं घर आत्यांच्या मागं हात धुऊन लागलं होतं. आता म्हणे संपली.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याच म्हणतात. त्या निरवांगीला माझ्या धाकट्या दिरांकडे असतात. मी नवऱ्याबरोबर बारामतीत राहते, माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे. तुमच्याही घरात साखरेचं माणूस असेल, म्हणून हे लिहायला बसले. आमच्यावर जे बेतलं ते तुमच्यावर बेतू नये.

मॅडमनी त्या प्रकाराचं नाव सांगितलं, हायपोग्लायसेमिया. म्हणजे रक्तातली साखर इतकी खाली जाणं की मेंदूला काम करायला काही उरत नाही. माणसाला दरदरून घाम येतो, हातपाय कापतात, ते असंबद्ध बोलायला लागतं आणि मग शुद्ध हरपते.

सगळं अगदी तसंच झालं होतं. सकाळी आत्या गाईला गवत आणायला गेल्या आणि बांधावरच बसल्या. माझी जाऊ रेखा हाका मारायला गेली तर त्या घामानं निथळत होत्या आणि तिलाच "तू कुनाची गं?" म्हणून विचारत होत्या. रेखा घरात पळाली, पेल्यात साखर कालवून आणली. पेला तोंडाला लावणार तोच शेजारच्या तात्यांनी तिचा हात धरला. "अगं, साखरंचं मानूस हाय ते! मारतीस का काय म्हातारीला?"

तात्या जीव लावूनच बोलले होते. पण तो पेला शुद्धीत असताना पोटात गेला असता तर पुढचं सगळं टळलं असतं, असं मॅडम म्हणाल्या. हे एवढं तरी लक्षात ठेवा. साखरेची गोळी घेणाऱ्या माणसाला घाम फुटून ते बरळायला लागलं आणि गिळता येत असलं, तर साखरपाणी द्या. शुद्ध गेली असली तर मात्र तोंडात काही घालू नका, सरळ दवाखाना गाठा.

आत्यांना जीपमध्ये आडवं घालून बारामतीला आणलं. शिरेतून ग्लुकोज चढवलं. मी आणि नवरा खाटेच्या दोन बाजूंना उभे होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले, छताकडे बघितलं आणि म्हणाल्या, "माझा भारा कुनी आनला?" नवरा एवढा मोठा माणूस, खिडकीकडे तोंड करून रडला.

गोळीचा अंमल उतरायला वेळ लागतो, साखर पुन्हा घसरू शकते, म्हणून त्यांना ठेवून घेतलं. मग सुरू झाली चौकशी. मॅडमनी गावाकडच्या आरोग्य केंद्राचे कागद पाहिले. दर तपासणीला साखर जास्त, म्हणून दर वेळी गोळी वाढवलेली. त्यांनी एचबीए१सी नावाची तपासणी केली. तिच्यात मागच्या दोन-तीन महिन्यांची साखर सरासरीनं कशी होती ते कळतं. ती आली चांगली. चांगली कसली, गरजेपेक्षा कमीच.

"मला हे जुळत नाहीये," मॅडम म्हणाल्या. "फास्टिंग इतकी जास्त आणि सरासरी इतकी कमी? उद्या सकाळी आपण पुन्हा फास्टिंग करू."

फास्टिंग म्हणजे काही न खाता द्यायचं रक्त. मला वाटलं आता मशीनचा दोष निघणार. संध्याकाळी वॉर्डातल्या मावशी आल्या आणि आत्यांना मायेनं म्हणाल्या, "आजी, उद्या उपास हं."

आत्यांनी मान डोलावली. मावशी पुढं गेल्यावर माझा पदर ओढून म्हणाल्या, "मंगल, मग सकाळच्याला खिचडी करून आन बाई. दान्याचं कूट जास्त घाल. आन दोन केळी."

मी म्हटलं, "आत्या, उद्या तपासणी आहे."

"म्हनून तर. तपासनीला मी दर बारीला उपास धरूनच जाती. सिस्टरनं पैल्यापास्नं सांगितलंय. एक डाव बी मोडला न्हाय मी."

माझ्या हातातला डबा तसाच राहिला. दर तपासणीच्या दिवशी ही बाई पहाटे उठून, अंघोळ करून, देवाला हात जोडून, साबुदाण्याची भरपेट खिचडी आणि वर राजगिऱ्याचा लाडू खाऊन, साखरेचा चहा पिऊन रक्त द्यायला जात होती. साखर वाढलेली येणार नाही तर काय होणार? आणि त्या एका दिवसाच्या खिचडीची शिक्षा म्हणून उरलेले सगळे दिवस, भाकरी-भाजीवर राबणाऱ्या देहावर, आम्ही गोळ्यांचा मारा करत होतो.

वर बोलणी वेगळीच. केंद्रातले डॉक्टर सारखे बदलायचे, पण जो येईल तो हेच म्हणायचा, "आजी, तुम्ही पथ्य पाळत नाही." दीर म्हणायचे, ही गुपचूप गूळ खाते. बिचारीनं एरवीच्या चहातली साखर सोडली होती, आमरसाच्या वाटीला हात लावला नव्हता. अन्नाची चोर ठरवलेल्या बाईनं काय करावं? ती पुढच्या तपासणीला आणखी कडक सोवळ्यानं उपास धरत होती.

मॅडमना सांगितलं तेव्हा त्या हसतील असं वाटलं होतं. त्या खुर्चीवर बसल्याच. "मीही कधी कुणाला विचारलं नाही हो," एवढंच म्हणाल्या. गोळी बदलून अगदी कमी केली. दुसऱ्या दिवशी खरोखर रिकाम्या पोटी रक्त घेतलं, साखर मुळीच वाढलेली नव्हती, आणि आठवड्याभरानं आत्या घरी गेल्या.

माझं डोकं मात्र शांत होईना. गिऱ्हाइकाचं माप न घेता ब्लाउज शिवला तर बाई तो माझ्या तोंडावर फेकेल. इथं वर्षभर मापच घेतलं नव्हतं, आणि वर गिऱ्हाइकाचं अंगच चुकीचं म्हणून सगळे ओरडत होते!

आत्यांना घेऊन केंद्रात गेले ती भांडायच्या तयारीनंच. तर तिथं मांडव घातलेला. पुण्याहून एक संस्था आली होती. ओसरीत सतरंज्या, भिंतीला मोठाले कागद, रंगीत चिठ्ठ्या. एक तरुण ताई माइकवर सांगत होती, "आम्ही ह्युमन-सेंटर्ड डिझाइन करतो. म्हणजे माणूस मध्ये ठेवून, त्याच्या सोयीनं आरोग्यसेवा घडवायची." ऐकायला इतकं गोड की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

आधी बायकांना हसऱ्या आणि रडक्या तोंडाच्या चिठ्ठ्या वाटल्या. केंद्रात आल्यावर कसं वाटतं, ती चिठ्ठी कागदावर चिकटवायची. सिस्टर समोरच खुर्ची टाकून बसलेल्या. सगळ्या बायांनी हसरं तोंड चिकटवलं. आत्यांनीही चिकटवलं. मरणाच्या दारातून आलेली बाई, हसरं तोंड!

मग ताईनं नवीन पोस्टर उलगडलं. अक्षर न येणाऱ्यांसाठी खास चित्राचं. ताटात भाकरी, आणि तिच्यावर लाल फुली.

"हे बघून काय कळतं?"

बायका एका सुरात म्हणाल्या, "आज उपास हाय!"

"बरोब्बर!" ताईनं टाळ्या वाजवल्या. मागच्या मुलानं फोटो काढला.

मी उठले. "ताई, आता विचारा त्यांना, मग खायचं काय?"

तिनं विचारलं. आणि सगळ्या ओसरीतून पदार्थांची बरसात झाली. भगर, साबुदाणा, रताळं, शेंगदाण्याची आमटी, खजूर. एका बाईनं तर बटाट्याचा कीस कसा परतायचा तेही सांगितलं. भाकरीवर फुली म्हणजे उपासच की! पुण्यात बसून चित्रकारानं आमची चूक रंगवून, फ्रेम करून आणली होती.

ताईचा चेहरा उतरला. मी मग सगळं सांगितलं, बांधापासून दवाखान्यापर्यंत. आवाज चढला होता माझा, चढू दिला. सिस्टर रडवेल्या झाल्या. "मी समजावं म्हणून सोपं करून सांगत होते हो," म्हणाल्या. ते मला पटलं, म्हणून तर जास्त चिडचिड झाली. कुणी वाईट वागलंच नव्हतं, आणि आत्या मात्र मरायला टेकल्या होत्या.

एक मानलं पाहिजे, त्या ताईनं माइक बंद केला, पोस्टर गुंडाळून ठेवलं आणि सतरंजीवर येऊन बसली. "आजी, मग मी काय म्हणायला हवं होतं?"

आता आत्यांचाही संयम सुटला. "अगं बये, अनशापोटी म्हना की! वैदाची पुडी आमी अनशापोटीच घेत आलो. तवा कुनी खिचडी खाल्ली व्हय? उपास देवाचा असतो. दवाखान्याचा कुठं असतो उपास?"

अनशापोटी. सकाळी उठल्यावर पोटात काहीही न जाता. ओसरीतल्या झाडून सगळ्या बायकांना हा शब्द ठाऊक होता.

"मंजी चहा चालंल ना?" मागून एकीनं विचारलं. "चहा म्हंजी काय खानं न्हाय."

मी कपाळावर हात मारला. ताईनं मात्र तेही लिहून घेतलं. आता त्या भिंतीवर लिहिलंय, "रक्त द्यायला अनशापोटी या. चहासुद्धा नको. पाणी चालेल." चित्रात पाण्याचा तांब्या आहे आणि मागं उगवता सूर्य. बरं आहे. पण भिंतीवर माझा आता फारसा विश्वास नाही.

विश्वास आहे तो आत्यांवर. परवा त्यांना तपासणीला घेऊन गेले होते. साखर ठीक आली. मला इतकं हलकं वाटलं की तिथंच त्यांच्या पाया पडले. "चल, नाटकं नको," म्हणाल्या, पण माझा हात सोडला नाही.

निघताना रांगेत शेळगावची एक म्हातारी बसलेली दिसली. नव्या सिस्टरनं तिला विचारलं, "आजी, काही खाल्लं नाही ना?" म्हातारी ठामपणे म्हणाली, "न्हाय." सिस्टर सुई काढायला वळल्या.

आत्या थांबल्या. तिच्या शेजारी बाकावर टेकल्या आणि सहज, जत्रेत भेटल्यासारखं, विचारलं, "काय गं, भगर का साबुदाना?"

म्हातारीचा चेहरा फुलला. "भगर. आन दान्याची आमटी. तुमी?"

"मी न्हाय बाई," आत्यांनी तिची बाही हळूच खाली ओढली. "ऊठ, घरला जा. उद्या अनशापोटी ये. मी बी यीन तुझ्यासंगं."