देशपांडे सरांची ढकलायची जीप

लातुरात राघवेंद्र देशपांडे सरांचा फिजिक्सचा क्लास शोधायला पत्ता लागत नसे. भल्या सकाळी जिथं पंधरावीस पोरं एका हिरव्या जीपला मागून रेटताना दिसतील, तिथं जाऊन उभं राहायचं. स्टेअरिंगवर कानटोपी घालून बसलेला आणि "अजून, अजून!" म्हणून ओरडणारा बारका माणूस म्हणजे सर. वर्गात त्यांचा आवाज कधी एवढा चढत नसे.

ही जीप त्यांच्या घरात आली त्याला भूकंप कारण झाला. त्या साली सर कॉलेजात नुकतेच लागले होते. भूकंपानंतर पावसानं रस्त्यांचा चिखल केला, मदतीचे ट्रक जागोजागी रुतून बसले, आणि तेव्हा ही म्हातारी सरकारी जीप तुरीच्या रानातून आडवी घुसत गावागावांत पाणी आणि भाकरी पोचवत होती. भाकरींचं गाठोडं मांडीवर घेऊन सर मागच्या फळीवर बसलेले असत. त्या दिवसांत जे पाहिलं त्याबद्दल ते कधी बोलत नाहीत. पण काही वर्षांनी ती जीप भंगारात निघाल्याचं कानावर आलं, तेव्हा त्यांचा जीव तुटला, आणि लिलावाला जाऊन त्यांनी ती घेऊन टाकली. घरी मात्र बायकोला, विशाखाबाईंना, एवढंच सांगितलं, "एक जुनी ओळख घरी घेऊन आलोय." त्या बिचाऱ्यांनी पाहुण्यासाठी चहाचं आधण ठेवलं. बाहेर येऊन बघतात तर दारात पाहुणा चार माणसांनी ढकलत आणलेला.

भूकंपानं दुसरं एक काम केलं. लातूरच्या माणसांचा स्लॅबवरचा विश्वास उडवला. आईबाप क्लासला येत, मान वर करून छत बघत आणि मगच फिजिक्सचं विचारत. सरांचा क्लास पत्र्याच्या शेडमध्ये होता. उन्हाळ्यात आत पापड भाजले असते, तरीही पोरं वाढत गेली. त्यातच रेणापूरचा एक पोरगा बोर्डात मेरिटला आला. यशाचं रहस्य काय, असं त्याला पेपरवाल्यानं विचारलं. पोरगा म्हणाला, "रोज सरांची जीप ढकलायला जायचो, त्यानं पहाटे उठायची सवय लागली." पेपरात जागा कमी होती. वाक्याचा पहिला अर्धा भाग तेवढा छापून आला.

झालं! पुढच्या जूनपासून उदगीर, निलंगा, थेट नांदेडहून पालक यायला लागले, ते जीप बघायला. कुणी बॉनेटला हळद लावून जाई. एका बापानं तर मुलगा आजारी म्हणून स्वतःच येऊन आठवडाभर जीप ढकलली. सर डोक्याला हात लावायचे. गतीचे नियम शिकवणाऱ्या माणसाच्या दारात हा तमाशा! त्यांनी एकदोनदा वर्गात समजावून पाहिलं. पोरांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी जास्तच जोरात ढकलली. विशाखाबाईंनी मात्र वार वाटून बॅचेस पाडून दिल्या आणि नवऱ्याला बजावलं, "अहो, गाडी दुरुस्त केलीत तर खबरदार. चाललंय ते चांगलं चाललंय."

आणि नेमकं हेच सरांच्या जिवाला लागलेलं होतं. कारण जुनी जीप एकट्यानं पाळता येत नाही, तिला दुसऱ्या जीपवाल्यांतले सोयरे लागतात, आणि सरांचे सोयरे फार खवट होते. अर्धापूरचे केळीवाले किशनराव त्यांत पहिले. त्यांची जीप चावी दाखवली तरी सुरू होते, असं ते स्वतःच सांगत. दुसरा नांदेडचा अंबरीश. नोकरी बँकेत, पण सगळा जीव भंगार बाजारात. जुना कार्बोरेटर हातात आला की आंब्यासारखा नाकाशी धरून वास घ्यायचा. वर्षातून एकदा सगळे किशनरावांच्या केळीच्या बागेत जमत. हूड काढलेल्या जीपा ओळीनं लागत, कुणाचा आरसा अस्सल आणि कुणाचा नकली यावर भांडणं होत, आणि मग वांग्याच्या भरतावर सगळ्यांचा समेट होई. या जत्रेत सरांची जीप दरसाल एकाच प्रकारे दाखल व्हायची. किशनरावांच्या ट्रॅक्टरमागं, दोरीला बांधून.

"मास्तर," किशनराव सगळ्यांदेखत म्हणत, "तुमची जीप लई गुणाची हाय बगा. दावं बांदल्याबिगर पाऊल टाकत न्हाई!"

सर हसून घेत, पण ते हसू त्यांच्या पोटात खुपत राही. एकदा, फक्त एकदा, लातूरहून अर्धापूरपर्यंत आपली जीप आपल्या पायांनी न्यायची आणि किशनरावांचं तोंड बघायचं, एवढीच त्यांची इच्छा उरली होती.

दिवाळीच्या सुट्टीत विशाखाबाई माहेरी गेल्या आणि सरांनी डाव साधला. अंबरीश भंगार बाजारातून सेल्फची मोटर आणि कॉइल घेऊन आला. दोघांनी शेडचं दार लावून इंजिन खोललं, पिस्टनच्या रिंगा बदलल्या, वायरिंग नव्यानं ओढलं. सरांनी पहिल्यांदा सेल्फ मारला आणि जीप एका दमात सुरू झाली, तेव्हा दोघं प्रौढ माणसं शेडमध्ये एकमेकांना मिठ्या मारून नाचली.

मग सरांच्या लक्षात आलं की सुट्टी संपत आलीय.

उपाय त्यांनीच काढला, आणि तो काढताना त्यांना लाज वाटण्याऐवजी मजा वाटली, हे सांगायलाच हवं. डॅशबोर्डखाली बोटानं चाचपडल्याशिवाय सापडणार नाही असं एक छोटं बटण बसवलं. ते खाली असलं की कॉइलचा करंट तुटे. सकाळी पोरं जमायची, सर सेल्फ मारल्याचं नाटक करायचे, मान हलवायचे, सुस्कारा टाकायचे. पोरं रेटायची. दोन ढकला वाया घालवायच्या, तिसऱ्या ढकलीला गुडघा खाजवल्यासारखं करून बटण वर करायचं आणि दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा. जीप खोकायची, धूर सोडायची आणि पोरं आरोळ्या ठोकायची. इतका सराईत नट लातुरात दुसरा नव्हता.

बोर्डाची परीक्षा आली. फिजिक्सच्या पेपरच्या दिवशी सगळ्या बॅचनं सकाळी शेडपाशी जमायचं, जीप ढकलायची आणि मग केंद्रावर जायचं, असा रिवाज पडला होता. नेमकं त्याच दिवशी पोरांना वाटेला लावून सर जत्रेसाठी अर्धापूरला निघणार होते. आणि सरांच्या जीपचा काय भरवसा म्हणून किशनराव आणि अंबरीश ती ओढून न्यायला आदल्या दिवशीच किशनरावांची जीप घेऊन मुक्कामाला आले होते. दुरुस्तीचं गुपित अंबरीशला ठाऊक होतं. किशनरावांना नव्हतं.

सकाळी अंगण आईबापांनी भरून गेलं. शिरूर अनंतपाळहून केवळाबाई आपल्या लेकीला, पुनमला, घेऊन पहिल्या एस.टी.नं आल्या होत्या. लेकीला त्यांनी जीपच्या बरोबर मध्ये उभं केलं होतं आणि जागा कुणी बळकावू नये म्हणून स्वतः बाजूला पदर खोचून उभ्या होत्या. सर कानटोपी सारखी करून स्टेअरिंगवर बसले. तेवढ्यात किशनराव पुढं आले आणि जाडजूड दोरी सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

"नवी आणलीय मास्तर! नांदेडच्या पुलावर तुटाया नगं म्हणून. पोरांनो, जरा जपून ढकला, अर्धापूरपतुर वढायची हाय मला!"

सगळं अंगण हसलं. पोरंही हसली. सरांच्या कानशिलात काहीतरी तापलं. इतक्या वर्षांचं गिळलेलं एकदम वर आलं आणि काय करतोय हे कळायच्या आत त्यांनी बटण वर केलं आणि सेल्फ मारला.

जीप सुरू झाली. खोकली नाही, अडखळली नाही. शिवणयंत्रासारखी एका लयीत चालायला लागली.

किशनरावांच्या हातातली दोरी खाली आली. हेच तोंड बघायला सर इतकी वर्षं झुरले होते, आणि ते त्यांना धड बघताही आलं नाही. कारण मागून नेहमीची आरोळी आली नव्हती. त्यांनी वळून पाहिलं. पोरांचे हात जीपला टेकलेले होते आणि चेहरे पांढरे पडले होते. पुनमच्या डोळ्यांत पाणी होतं.

"अगं बाई!" केवळाबाईंनी कपाळावर हात मारला. "आता आमच्या पोरीनं काय ढकलावं?"

वर्षभर ज्यांना घासलं ती पोरं अशा चेहऱ्यानं पेपरला बसली तर येणारं उत्तरही विसरतील. सर सीटवर उभे राहिले आणि खरं होतं ते सांगून टाकलं. जीप दिवाळीपासून ठणठणीत आहे. बटण इथं आहे, हे बघा. रोज मी नाटक करत होतो.

"म्हणजे दिवाळीनंतरच्या सराव परीक्षांत जे मार्क मिळाले, ते जीपनं दिले नाहीत," सर कळवळून म्हणाले. "तुम्ही चांगलीच गाडी ढकलत होता. मार्क तुमचे आहेत. कळतंय का?"

केवळाबाई विचारात पडल्या होत्या.

"सर," त्या शेवटी म्हणाल्या, "चांगली गाडी ढकलून यवढे मार्क पडले व्हय?"

"हो!"

"मग बिघडलेली असती तर किती पडले असते!"

सर सीटवर परत खाली बसले.

"बंद करा ती," केवळाबाई म्हणाल्या. "पोरं खोळंबून राहिलीत."

सरांनी विशाखाबाईंकडे पाहिलं. त्या दारात उभ्या होत्या, दिवाळीपासूनची फसवणूक आत्ता कळलेली, आणि नवऱ्याचा हिशेब संध्याकाळी करायचा असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं. पण त्यांनीही मान हलवली. इतक्या खटपटीनं सुरू केलेली, आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत शान राखलेली ती जीप सरांनी बंद केली. बटण खाली केलं. मनातून फार वाईट वाटलं त्यांना. मग पुनमकडे पाहून ते ओरडले, "हं, लावा जोर!"

पोरांनी असा रेटा दिला की सरांची कानटोपी उडाली. आया धावल्या, बाप धावले. एक ढकल, दोन ढकल. जीप नेहमीपेक्षा जड नव्हती, उलट भलतीच हलकी पळत होती. मागं कोण एवढा दणकट गडी लागलाय म्हणून सरांनी आरशात पाहिलं.

किशनराव होते. दोरी गळ्यात टाकून, धोतर वर खोचून, दोन्ही हातांनी रेटत होते.

"किशनराव, तुम्ही?"

"नात बसलीय परीक्षेला, नांदेडात," किशनराव धापा टाकत म्हणाले. "सुनेनं मला घरात ठिवलं न्हाई, म्हणली तुमी पोरीला घाबरं करता. मास्तर, हितं ढकललेलं तितं पोचतंय न्हवं?"

सरांनी गुडघा खाजवला.

"पोचतंय," ते म्हणाले, आणि क्लच सोडला.