गाडीत कोण बसणार

आमच्या संस्थेच्या जीपमध्ये स्टेपनी नाही, पण किस्से दाबून भरलेत. केजहून निघालं की रस्ता असा, की गप्पा मारल्याशिवाय कंबर विसरता येत नाही. एक किस्सा मी काढते, दुसरा ड्रायव्हर शेखचाचा. माझं काम एका ओळीत सांगते. आईबाप ऊसतोडीला निघाले की पोरांना त्यांच्याबरोबर गाडीत बसू द्यायचं नाही, गावातच शाळेत ठेवायचं. ओळ सोपी आहे, बाकी विचारू नका.

\*

पहिल्याच दिवशी एका गावात गुरुजींना सांगितलं, "मी शिक्षण अधिकारी." माझं पदच ते आहे, काय करू! गुरुजींची धांदल उडाली. खुर्ची पुसली, शाल आली, नारळ आला, आणि पाठोपाठ "बदलीचं तेवढं बघा, मॅडम" हेही आलं.

म्हटलं, "गुरुजी, मी जिल्हा परिषदेची नाही. मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेची आहे."

गुरुजींनी मागे वळून शांतपणे हाक दिली, "सुमनबाई, नारळ आत ठिवा. चहा येऊ द्या."

\*

त्याच शाळेत मुंबईहून आमचे मोठे साहेब आले. सातवीतल्या रेणुकाला त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं?"

"एक कोयता, धाकटा भाऊ आन मी."

आमच्याकडे तोडीला जाणारं जोडपं, म्हणजे नवरा-बायको मिळून, एक कोयता. मुकादम तसं मोजतो, म्हणून लेकरंही तसंच मोजतात. साहेबांना काय ठाऊक! ते काळजीने म्हणाले, "धारदार असेल ना गं तो?"

रेणुकाने जरा विचार केला. "अर्धा हाय. आई धारदार हाय, बाप बोथट हाय."

\*

गावचे मुकादम म्हणजे तात्या. टोळी जमवणारे तेच, कारखान्यावर नेणारेही तेच. त्यांना हात जोडले, "तात्या, पोरं तेवढी नेऊ नका."

"मी कुठं नेतो, ताई? आपल्या आपण बसतेत. गाडीत कोंबड्या बसतेत, शेळ्या बसतेत, कुत्रं बी बसतं. मंग कुत्र्याला कावून न्हाई घालत शाळंत?"

दुसऱ्या दिवशी तात्यांचं कुत्रं शाळेच्या ओट्यावर बसलेलं. खिचडीचा वार होता. गुरुजी मला म्हणाले, "मॅडम, तुमच्या बोलण्याचा एवढा परिणाम आजवर कुणावरच झाला नव्हता."

\*

रेणुकाच्या आईला, कांताबाईला, समजवायला घरी गेले. पोरगी हुशार आहे, ठेवून जा, तिचं जेवण-राहणं शाळेत होईल, सगळं सांगून झालं. ती भाकरी थापत ऐकत होती.

"ताई, तुमचं लेकरू कुणापाशी हाय?"

"सासूबाईंकडे."

"मला सासू न्हाई. उसाच्या फडात धाकट्याला रेणुकाच धरती. माही सासू तीच."

फार वाईट वाटलं. तिने निघताना हातावर भाकरी ठेवली, ती घेऊन जीपमध्ये येऊन बसले.

"कौन जीता, मॅडम?" चाचांनी विचारलं आणि अर्धी भाकरी तोडून घेतली.

\*

टोळी निघाली त्या सकाळी मी मुद्दाम गेले. शाळेच्या भिंतीला लागूनच ट्रक उभा होता. वर भांड्यांच्या गोणीवर रेणुका भावाला मांडीवर घेऊन बसलेली, शेजारी कांताबाई. मी हरले होते. वर बघवत नव्हतं.

तेवढ्यात वर्गात गुरुजींनी हजेरी सुरू केली. आवाज रोजच्यापेक्षा जरा मोठाच होता.

"रेणुका!"

ट्रकवरून सवयीने उत्तर गेलं, "हजर, गुरुजी!"

केबिनमध्ये चढता चढता तात्या थांबले. एका टोळीत हजेरी लागलेलं माणूस दुसऱ्या मुकादमाने गाडीत घ्यायचं नाही, असा त्यांच्या धंद्याचा नेम. यावरून डोकी फुटलेली आहेत. आणि तात्या नेमाला पक्के.

"खाली उतर गं पोरी," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या टोळीतलं माणूस मी नेत न्हाई."

रेणुकाने आईकडे पाहिलं. कांताबाईने तिच्या मांडीवरचं लेकरू घेतलं आणि तिला हाताला धरून खाली सोडलं. मग स्वतःही उतरली, केबिनपाशी गेली आणि एव्हाना आत जाऊन बसलेल्या तात्यांच्या मांडीवर ते लेकरू ठेवलं.

"आगं, हे काय?"

"धरा," कांताबाई म्हणाली. "तुमी कुठं ऊस तोडता?"