रघुपतीची चकती

चिकपेटेतल्या दुकानात रघुपती साडी उलगडू लागला की बघणाऱ्या बायका किंमत विचारायचं विसरत. त्याचे पूर्वज कधी काळी मराठी मुलुखातून बंगळूरला आले आणि इथल्याच मातीचे झाले. घरात मराठी, दारात कन्नड. हातात अशी कला, पण माणसाला अभिमान होता तो पायांचा. पन्नाशी उलटली तरी तो मल्लेश्वरमच्या घरी सायकलनेच जाई. सोबतीला गुंडू, शेजारच्या गल्लीतल्या लोखंडी सामानाच्या दुकानातला. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवचे ते दिवस. रस्ता स्कूटरींनी भरू लागला होता, पण ही जोडी मोडली नव्हती. शेषाद्रिपुरम मागे पडलं की चढ लागे. चढावर जो आधी सायकलवरून उतरेल त्याने वर कॉफी पाजायची, ही दोघांची जुनी रीत.

एका उन्हाळी संध्याकाळी रघुपतीचा दम अर्ध्यावरच संपला. छाती भात्यासारखी हलू लागली. तो उतरला आणि म्हणाला, "चेन पडली रे!" गुंडूने ते खरं मानलं. चेन जागची हललीही नव्हती.

रविवारी रघुपती एकटाच शिवाजीनगरला गेला. तिथे ओळखीचं कोणी भेटणार नव्हतं. त्याच्या मागच्या चाकाला अठरा दात्यांची चकती होती. दुकानदाराने वीसची आणि बावीसची पुढे ठेवली. चकती मोठी तेवढा चढावर पाय हलका. पण सपाटीवर पाय भराभर मारावे लागणार आणि सायकल रेंगाळणार. वीसची घ्यावी तर चढाचा भरवसा नाही. रघुपतीने बावीसची घेतली. चेनला कड्या वाढवल्या, वरून पत्र्याचं बंद कव्हर बसवलं. पाप झाकलं गेलं.

मग रोज सपाटीवर गुंडू पुढे निघून जाई. "झोपलास काय रे रघू?" म्हणून ओरडे. चढ लागला की रघुपती संथपणे, गाय घराकडे परतावी तसा, त्याच्या शेजारून वर जाई. गुंडू मध्येच उतरे. सुरुवातीला तो हसत असे. पुढे हसेनासा झाला.

"खातोस तरी काय, सांग की!"

"कुळीथ," रघुपतीच्या तोंडून निघून गेलं. "रात्री भिजवायचे, सकाळी चावायचे. घोडे काय उगाच धावतात?"

महिनाभराने गुंडूची बायको अंबुबाई घरी आली. "अण्णा, तुम्ही कुळीथ सांगितलेत आणि आमच्या घराचा तबेला झाला बघा! पोट धरून बसतात, पण खातात. गुडघ्यांना तेल चोळून घेतात. आता म्हणतात, रघूचे पाय आहेत तसेच आहेत, माझेच गेले. सायकल विकायला काढलीय. दुकानही सोडतो म्हणतात. तुमचं ऐकतील, स्वल्प, जरा सांगा की."

"यांचे पाय?" कॉफी ठेवता ठेवता रघुपतीची बायको वसुमती हसली. "अक्का, हे तर आमचा जिना चढतानाही कण्हतात!"

दोघी हसल्या. रघुपतीला कॉफी कडू लागली. दुकानात खऱ्या-खोट्या रेशमाचा फरक बोटाने सांगणारा हा माणूस, आणि त्याने मित्राला त्याच्याच पायांबद्दल खोटं पटवून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी चढाच्या पायथ्याशी तो थांबला.

"गुंडू, आज सायकली बदलू."

"का? विकत घेतोस काय माझी?"

"चढ तर खरा."

गुंडू कुरकुरत निघाला. थोड्या अंतरावर त्याची पाठ सरळ झाली. आणखी थोडं वर गेल्यावर तो आनंदाने ओरडलाही. मग ओरडणं बंद पडलं. रघुपती गुंडूच्या सायकलवर उभा राहून पाय मारत होता. अर्ध्यावर त्याला उतरावं लागलं. या वेळी चेन पडली, असं तो म्हणाला नाही. सायकल ढकलत, काय बोलायचं ते जुळवत तो वर पोचला.

गुंडू वाकला होता. कव्हरच्या मागच्या फटीतून त्याने बोट आत घातलं होतं. बोट काळं झालं होतं.

"किती दाते?"

"बावीस."

"आणि मला कुळीथ." गुंडूने बोट धोतराला पुसलं. "दम मलाही लागत होता, रघू. तू म्हणाला असतास तर दोघांनी बसवली असती."

नेहमीच्या हॉटेलकडे हात करून रघुपती म्हणाला, "आज मी उतरलो. कॉफी माझ्याकडून."

"आज नको." गुंडू रघुपतीच्याच सायकलवर बसला. "ही मी नेतो. माझी तू ने. तिला असलीच चकती बसव आणि मग आणून दे. विकत नाही मी ती."

तो निघून गेला. पुढे घरापर्यंत रस्ता सपाट होता. गुंडूची सायकल त्यावर वाऱ्यासारखी पळाली असती. रघुपती मात्र तिच्यावर बसला नाही. हँडल धरून तो चालत राहिला.