ढिली वायर
नातीच्या खोडरबराचा वास आला की मला पिंप्राळ्यातलं कॉम्प्युटर दुरुस्तीचं ते दुकान दिसतं. उन्हाळ्यातली दुपार होती, कूलरमधून वाळ्याचा गार वास येत होता आणि बसल्या बसल्या डोळे मिटत होते. लेकीच्या लग्नाचे सगळे फोटो आमच्या कॉम्प्युटरमध्ये होते, दुसरीकडे एकही नव्हता. कॉम्प्युटर सावकाश चालतो म्हणून मी चिडून त्याच्या डब्याला लाथ घातली होती, आणि तेव्हापासून काळ्या पडद्यावर नुसती पांढरी इंग्रजी अक्षरं यायची. लाथेचं फक्त बायकोला माहीत होतं. "हार्ड डिस्क सापडत नाही म्हणतोय," दुकानदार म्हणाला. त्याने डिस्कची टोकं खोडरबराने हळूहळू घासली, तरी काही उपयोग झाला नाही. मग आतली वायर धरून तो हसला, "आबा, ही तर निसटलीय! मशीनला लाथा घालता की काय?" मी कूलरकडे बघायला लागलो. तोवर शेजारी बसलेली बायको दोष स्वतःवर घेत म्हणाली, "झाडता झाडता मनाच हात लागना व्हई, भाऊ." "अक्का, हे काय भांडं आहे का घासायला?" तो बोलत राहिला, ती मान खाली घालून ऐकत राहिली. वायर बसवल्यावर पडदा उजळला आणि हळदीने पिवळी झालेली लेक समोर हसायला लागली. बायकोने पदर डोळ्यांना लावला. रिक्षात डबा तिच्याच मांडीवर होता आणि मी मूर्ख तिला म्हणालो, "नीट धर." ती जाऊन आता दोन उन्हाळे झाले. लाथ माझी होती, हे त्या माणसाला सांगायचं राहिलंय. दुकान अजून तिथेच आहे, मीच त्या रस्त्याने जात नाही.